स्थळनामतज्ज्ञ व्हा! घरबसल्या, बिनभांडवली

मुंबईत राहणाऱ्या प्रत्येक माणसाला कधी ना कधी लोकलच्या खिडकीतून बाहेर बघत, कोणीही विचारलेलं नसताना, "या स्टेशनाला हे नाव कसं पडलं, माहितीये?" असं म्हणावंसं वाटतं. बहुतेक लोक ही ऊर्मी दाबतात आणि पुढे त्यांना पित्ताचा त्रास होतो. तुम्ही दाबू नका. थोड्या सरावाने कोणालाही स्थळनामतज्ज्ञ होता येतं. त्याला परवाना लागत नाही, पदवी लागत नाही, गाळा भाड्याने घ्यावा लागत नाही. ज्यांनी ही नावं ठेवली ते केव्हाच गेले, त्यामुळे उलटतपासणीला कोणी उभं राहत नाही. आणि गिऱ्हाईक घरीच येतं: गावाहून आलेले पाहुणे, नवी सून, अमेरिकेहून सुट्टीला आलेला भाचा. त्यातला भाचा सर्वांत चांगला. तो मोबाइलवर लिहून घेतो.

साहित्य फार लागत नाही. एक आवाज (खर्जातला असल्यास उत्तम), दिशा दाखवायला एक बोट, आणि "मूळ शब्द वेगळाच आहे बरं का" हे वाक्य. हे वाक्य आरशासमोर म्हणून पाहा. "मूळ" वर जोर द्या, मग थांबा. समोरचा "हो का?" म्हणाला की तुमचा धंदा सुरू झाला.

१. आधी झाडावर चढा

नवशिक्याने झाडापासून सुरुवात करावी, कारण इथे अपयश येणं जवळजवळ अशक्य आहे. मुंबईतल्या निम्म्याअर्ध्या वस्त्या कुठल्या ना कुठल्या फांदीला लटकलेल्या आहेत. चिंचपोकळी म्हणजे चिंचांची घळ. चिंचबंदर, फणसवाडी, बोरिवली यांना तर तज्ज्ञाचीही गरज नाही. वडाळ्याला वड, ताडदेवाला ताड. उमरखाडीच्या काठी उंबर होता आणि खाडीही होती. आता दोन्ही नाहीत, तुरुंग मात्र नावारूपाला आला.

रीत अशी: नाव सावकाश उच्चारा, पहिल्या दोन अक्षरांवर थांबा, आणि वर बघा. भायखळा? बहावा. पिवळ्या घोसांचं वर्णन करा, उन्हाळ्याचा उल्लेख करा, डोळे किंचित मिटा. कोणी म्हणालं की भायखळा हे भाया नावाच्या माणसाचं खळं होतं, तर त्याच्याकडे दयेने बघा. भाया कोण होता, त्याच्या खळ्यावर काय मळत होते, हे त्यालाही सांगता येणार नाही. तुमच्याकडे निदान फुलं आहेत. परळलाही 'परळ' नावाचं झाड तयार आहे. तिथे कोणी परळी वैजनाथ मध्ये आणेल. त्याला आणू द्या, ज्योतिर्लिंगाशी वाद घालू नये.

एकच अडचण येते. श्रोता खिडकीतून बघून विचारतो, "पण ते झाड कुठाय?" गडबडू नका. "तोडलं," एवढंच म्हणा. मुंबईत हे उत्तर आजवर चुकलेलं नाही.

२. साहेबाला बहिरा ठरवा

झाडांचा कंटाळा आला की साहेबाकडे वळा. स्थळनामशास्त्रातला साहेब हा कानाने अधू, जिभेने जड आणि स्वभावाने अत्यंत घाईचा असतो. त्याला कुठलंही गाव नीट ऐकू येत नाही आणि आपल्याला कुठलंही इंग्रजी नीट ऐकू येत नाही. या दोन बहिऱ्यांच्या भेटीतून अख्खं शहर तयार होतं.

सर्वांत खपाऊ माल म्हणजे भेंडीबाजार. साहेब राहायचा फोर्टात, क्रॉफर्ड मार्केटच्या अलीकडे. पलीकडच्या वस्तीला तो म्हणायचा "बिहाइंड द बझार", आपण ऐकलं "भेंडीबाजार". हे ऐकून हसला नाही असा पाहुणा अजून जन्मायचा आहे. आता एखादा शहाणा म्हणेल की तिथे भेंडीची झाडं होती, म्हणजे परसपिंपळ, आपली भाजीतली भेंडी नव्हे, आणि मुंबईच्या किनाऱ्यावर हे झाड मुबलक होतं. तो बरोबर असण्याची शक्यता पुष्कळ आहे. म्हणूनच त्याला बोलू देऊ नका. ज्या व्युत्पत्तीवर कोणी हसत नाही ती व्युत्पत्ती जगत नाही. (पहिल्या पायरीत आपणच झाडाची बाजू घेतली होती, हे खरं. पण तज्ज्ञाने कालच्या मताला बांधून घ्यायचं नसतं.)

शीव घ्या. शीव म्हणजे वेस. मुंबई बेट इथे संपायचं आणि पलीकडे साष्टी सुरू व्हायची; म्हणून तर इंग्रजांनी इथे किल्ला बांधला. दोन अक्षरांत विषय मिटला. इतका मिटलेला विषय तज्ज्ञाच्या पोटावर पाय आणतो. तेव्हा पोर्तुगीज पाद्री आणा, त्यांना पवित्र भूमीतला झायन पर्वत आठवला असं सांगा, आणि फलाटावरच्या पाटीकडे बोट दाखवा: मराठीत 'शीव', इंग्रजीत 'सायन'. पाटीच दोन तोंडांनी बोलते म्हटल्यावर तुम्ही एकाच तोंडाने का बोलावं?

अपोलो बंदराच्या बाबतीतही हेच. कोळी त्याला पालवा म्हणत आले. कोणी पाला माशाशी नातं जोडतं, कोणी 'पालव' या जहाजाशी. पण साहेबाच्या कानात पालवा शिरला आणि तोंडातून ग्रीक देव बाहेर आला. इथे हसू नका, गंभीर व्हा. देवाचा प्रश्न आहे.

आणि खुद्द मुंबई? इथे पोर्तुगीज "बॉम बाहिया", म्हणजे छान उपसागर, हे पाठ करून ठेवा. ऐकायला इतकं छान आहे की पोर्तुगीज व्याकरण आड येऊ देऊ नका. त्या भाषेत उपसागर स्त्रीलिंगी आहे आणि 'बॉम' पुल्लिंगी; म्हणजे ज्याने हे नाव ठेवलं त्या पोर्तुगीजाला पोर्तुगीज येत नव्हतं असं मानावं लागतं. श्रोत्यांत गोव्याहून आलेल्या आजी असतील तर हा मुद्दा टाळा आणि सरळ मुंबादेवीला हात जोडा. देवी सर्वांना चालते.

३. चिंबोऱ्या, मासे आणि मावशी

जलचर हा कमी मेहनतीचा विभाग आहे. कुर्ला हा कुर्ल्यांवरून, म्हणजे खेकड्यांवरून. चेंबूर हे चिंबोरीवरून, म्हणजे पुन्हा खेकड्यावरूनच. शेजारशेजारच्या दोन गावांना दोन खेकड्यांची नावं का द्यावी लागली, असं कोणी विचारलं तर "जात वेगळी" म्हणा. मांसाहारी श्रोत्याला हे लगेच पटतं, शाकाहारी श्रोत्याला पुढे ऐकायचं नसतं. माझगावला मत्स्यग्राम म्हणा. संस्कृतात गेलं की माशाचा वास येत नाही. हळव्या श्रोत्यासाठी "माझं गाव" हा दुसरा अर्थही शिल्लक ठेवा, निवृत्तीनंतरच्या भाषणात उपयोगी पडतो.

या विभागात एकच धोका आहे आणि तो टोपली घेऊन बसलेला असतो. वेसाव्याच्या किंवा वरळीच्या कोळीणमावशीसमोर ही विद्या कधीही पाजळू नका. तुम्ही "मूळ शब्द वेगळाच आहे बरं का" असं म्हणाल आणि मावशी म्हणेल, "मूळ मीच हाय. पापलेट घेतोस का निघतोस?" अशा वेळी पापलेट घ्यावं. भाव करू नये.

४. एक राजा बाळगा

झाड नाही, साहेब नाही, खेकडा नाही, अशा वेळी राजा लागतो. मुंबईच्या कामासाठी बिंबराजा पुरेसा आहे. त्याची राजधानी महिकावती, म्हणजे माहीम. त्याच्याकडे हत्ती होते. हत्ती म्हणजे मातंग. आणि हत्ती बांधले म्हणून माटुंगा. एवढ्या मोठ्या प्राण्याला कोणी हरकत घेत नाही. पुराव्याला महिकावतीची बखर आहे, ती वि. का. राजवाड्यांनी १९२४ साली संपादून छापली, असं सांगा. "तुम्ही वाचलीत?" हा प्रश्न मराठी माणूस राजवाड्यांच्या नावानंतर विचारत नाही.

पुस्तकांचं निघालंच आहे तर हेही सांगून ठेवतो. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचें वर्णन' १८६३ सालचं, आणि सॅम्युएल शेपर्ड या इंग्रजाचं मुंबईच्या जागांच्या व रस्त्यांच्या नावांवरचं पुस्तक १९१७ सालचं. दोन्हींची नावं सहज जाता जाता घ्या. उघडू मात्र नका. शेपर्डने एकेका नावाचे दोन-दोन, तीन-तीन उगम प्रामाणिकपणे शेजारी मांडून ठेवले आहेत. असल्या सवयी लागल्या तर लोक तुम्हाला तज्ज्ञ म्हणायचे बंद होतील.

५. साहेबांची वंशावळ

हा भाग पाठांतराचा. ग्रँट रोड: गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट. एल्फिन्स्टन रोड: गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन. रे रोड: गव्हर्नर लॉर्ड रे. सँडहर्स्ट रोड: गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट. आठवेनासं झालं तर बिनधास्त "गव्हर्नर" म्हणा, बहुतेक वेळा सुटाल.

करी रोडला मात्र फसाल. तिथे गव्हर्नर नाही आणि कढीही नाही. करी हे बीबीसीआय रेल्वेचे एजंट होते, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वज कंपनीचे. आणि त्यांच्या नावाचं स्टेशन उभं आहे मध्य रेल्वेवर. लाइन बदलण्यासाठी दादरला उतरावं लागतं, हा नियम साहेबालाही चुकला नाही असं म्हणून पुढे सरका. कफ परेडचे कफ साहेब हे शहर सुधारणा ट्रस्टमधले. शर्टाच्या बाहीशी संबंध नाही. कॉटन ग्रीनची हिरवळ तर आधी फोर्टात होती, मग कुलाब्याला गेली, आणि शेवटी शिवडीच्या बाजूला आली, कापसाच्या गासड्यांच्या मागे मागे. हिरवळ कुठेच राहिली नाही, नाव तेवढं पोहोचलं.

इथे थोडं रेंगाळायला हरकत नाही, कारण माल चांगला आहे. आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर, त्यांच्या नावाचं मार्केट १८६९ साली तयार झालं. याच क्रॉफर्ड साहेबांची १८८८ मध्ये लाचखोरीच्या आरोपांवरून चौकशी झाली आणि नोकरी गेली. मार्केटला पुढे महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, तरी गिऱ्हाईक अजून क्रॉफर्डलाच जातं. दुसरीकडे वकील खुर्शेद नरिमन. १९२० च्या दशकात बॅकबे भरणी योजनेत समुद्रात माती कमी आणि पैसा जास्त चालला होता, तेव्हा त्यांनी ते उघड केलं. हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, नरिमन सुटले. पुढे त्याच बॅकबेत भरणी करून काढलेल्या जमिनीला, जिथे चौरस फुटाचा भाव ऐकून माणूस खाली बसतो, नाव दिलं नरिमन पॉइंट. भरणीतला घोटाळा काढणाऱ्याचं नाव भरणीलाच देऊन टाकलं की तो पुन्हा बोलत नाही. ही युक्ती स्थळनामशास्त्रात बसत नाही, पण टिपून ठेवा.

६. नसलेली वस्तू दाखवा

आता तुम्ही मध्यम पातळीवर आलात. इथून पुढे पाहुण्यांना प्रत्यक्ष जागेवर न्यायचं आणि तिथे जे नाही ते दाखवायचं. याचे लोक पैसेही देतात. त्याला वारसा फेरी म्हणतात. सकाळी सातला बोलवा, पाण्याची बाटली आणायला सांगा, टोपी स्वतः घाला.

पहिला मुक्काम चर्चगेट. स्टेशनात चर्च शोधायला लावा. मग गेट शोधायला लावा. दोन्ही सापडत नाही म्हटल्यावर सगळ्यांना चालवत फ्लोरा फाउंटनला न्या आणि कारंज्याकडे बोट करा: किल्ल्याचं ते दार इथे होतं. चर्च म्हणजे आत असलेलं सेंट थॉमस, १७१८ सालचं. तट १८६० च्या दशकात पाडला, दाराच्या जागी १८६४ मध्ये कारंजं आलं, आणि १८७० मध्ये स्टेशन झालं तेव्हा दार नव्हतंच. म्हणजे स्टेशनाला नाव दिलं ते पाडलेल्या दाराचं. कारंज्याच्या चौकाचं नावही हुतात्मा चौक झालं आहे, हे सांगायला विसरू नका. फक्त तिथे आवाज खाली आणा. १०६ माणसांचा विषय आहे, त्यावर व्युत्पत्ती करायची नसते.

तिथून धोबी तलाव. धोबी दिसला तर नशीब. तलाव बुजवलेला आहे. पावसाळ्यात आला असाल तर महापालिका तो काही तासांसाठी पुन्हा दाखवते. पायधुनीलाही हेच लागू. एके काळी भरतीचं पाणी तिथवर यायचं आणि ओलांडून आलेला माणूस पाय धुवायचा. जुलैत या, अजून धुवाल. या शहरात खाडी, तलाव, पोकळी असलं काही नावात आलं की घर तळमजल्यावर घेऊ नये, हा सल्ला मी फुकट देतो, कारण इस्टेट एजंट तो विकतसुद्धा देत नाही.

काळा घोडा. घोड्यावर राजपुत्र होता, पुढे सातवा एडवर्ड झालेला. पुतळा अल्बर्ट ससूनने दिलेला. नाव मात्र घोड्याचं पडलं, कारण मुंबईकराला दोघांत घोडा महत्त्वाचा वाटला. १९६५ मध्ये पुतळा हलवला, तो राणीच्या बागेत गेला. पन्नासहून जास्त वर्षं त्या जागेला नसलेल्या घोड्याच्या नावाने लोक हाका मारत राहिले, तिथे त्याच नावाचा कला महोत्सवही भरू लागला. शेवटी २०१७ मध्ये नावाची लाज राखायला नवा घोडा आणून बसवला. यावर स्वार नाही. तुम्ही बोट नेमकं कुठे करायचं ते आधी ठरवून जा.

आता मशीद बंदर. हा तुमचा हुकमी एक्का, घाईत खेळू नका. श्रोत्यांना आधी अंदाज करू द्या. सगळे आसपासचे मिनार शोधतील. मग सांगा की स्टेशनाच्या नावातली मशीद ही मशीदच नव्हे, ज्यूंचं सिनेगॉग आहे. बेने इस्रायल, आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, त्यातले सामाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या पलटणीत होते. टिपूच्या कैदेतून जीव वाचला म्हणून त्यांनी १७९६ साली हे प्रार्थनामंदिर बांधलं, असं सांगतात. जवळचा सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा. शेजाऱ्यांनी त्याला मशीद म्हटलं, दिवेकरांच्या माणसांनीही म्हटलं, आणि रेल्वेने पाटी लावली. कोणी कोर्टात गेलं नाही. हे ऐकल्यावर फेरीतला एखादा माणूस, विशेषतः ज्याचा फोन सारखा वाजत असतो असा, भुवया आकसून म्हणेल, "म्हणजे नाव बदलायला हवं." अशा वेळी पटकन चहा सांगा.

७. भांडण लावून बाजूला व्हा

एखाद्या नावाचे दोन उगम तुल्यबळ असतील तर निवाडा करू नका. दोन्ही पक्ष पोसा. चर्नी रोड हे उत्तम मैदान आहे. एक पक्ष म्हणतो, सरकारने चराईवर कर लावला, गरिबांची गुरं उपाशी राहू लागली, तेव्हा १८३८ मध्ये सर जमशेटजी जीजीभाईंनी २०,००० रुपयांना ठाकुरद्वाराजवळ जमीन घेऊन गुरांना मोकळी केली. गुरं चरली म्हणून चरणी. दुसरा पक्ष म्हणतो, ठाण्याच्या चेंदणीहून लोक इथे येऊन राहिले, चेंदणीचं चर्नी झालं. गिरगावात पहिला पक्ष उभा करा, ठाण्यात दुसरा. गिरगावातले लोक दानशूरपणावर बोलतील, ठाण्यातले लोक "आमच्यामुळेच मुंबई" यावर बोलतील, आणि लग्नाच्या पंगतीत तुमच्याकडे बघून दोघेही विचारतील, "तुमचं काय मत?" तुम्ही श्रीखंड वाढून घ्या.

विलेपार्ल्यात असलं काही करू नका. इर्ले आणि पाडले ही दोन गावं मिळून नाव झालं असं सांगा आणि गप्प बसा. पारले बिस्किटावरून गावाचं नाव पडलं असं भाच्याने चुकून म्हटलं तर त्याला लगेच घरी न्या. कंपनीचं नाव गावावरून आहे, १९२९ पासून, आणि पार्लेकर हे सांगायला लागला की शेवटची लोकल चुकते.

८. व्युत्पत्ती पुरे, आता नाव पाडा

प्रगत विद्यार्थ्याने जुन्या नावांचे अर्थ सांगत आयुष्य काढू नये. त्यात कीर्ती आहे, पैसा नाही. पैसा नवं नाव पाडण्यात आहे, आणि हे काम सध्या बिल्डर करतात.

लोअर परळ घ्या. गिरण्यांचा हा भाग. १९८२ चा संप इथल्याच चाळींतून उपाशी झोपला. गिरण्या गेल्या, काही ठिकाणी चिमणी राहिली, चिमणीशेजारी टॉवर आला. आता कोट्यवधींचं घर 'लोअर' मध्ये कसं विकायचं? म्हणून जाहिरातीत ते 'अपर वरळी' झालं. सिमेंटची एक गोणीही न लावता जमीन खालून वर गेली. वडाळ्याच्या बाजूला मिठागरांच्या अंगणात 'न्यू कफ परेड' उगवलं. जुन्या कफ परेडपासून इतकं लांब की मधे अख्खी मुंबई बसते. कफ साहेबांना हयातीत एवढा प्रवास घडला नसेल. कुर्ल्यात राहणाऱ्याने 'बीकेसीजवळ' म्हणायचं असतं, हे तर आता लहान मुलांनाही कळतं. खेकडा तिथेच आहे, पत्ता सरकला.

स्वतःचं नाव पाडायचं असेल तर तीन नियम पाळा. ज्या श्रीमंत वस्तीशी तुमचा संबंध नाही तिचं नाव घ्या. त्याला 'न्यू', 'अपर' किंवा 'अ‍ॅनेक्स' जोडा. आणि इमारतीला इटालियन किंवा स्पॅनिश नाव द्या, जे तुम्हाला, सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि इटालियन माणसाला, तिघांनाही उच्चारता येणार नाही. 'बेला व्हिस्टा'चा वॉचमन कुरिअरवाल्याला 'बेलविस्ता' सांगतो. अजून शंभर वर्षांनी तुमचा एखादा वारस तिथे उभा राहून पाहुण्यांना सांगेल, इथे बेलाचं झाड होतं. कुठाय विचारलं की तो म्हणेल, तोडलं.

बिल्डर होणं जमत नसेल तर निवेदन द्या. हा गरिबाचा मार्ग. जुलै २०२४ मध्ये विधिमंडळाने इंग्रजी अमदानीतली नावं घालवायची म्हणून मुंबईतल्या सात स्टेशनांचा ठराव मंजूर केला: करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, मरीन लाइन्सचं मुंबादेवी, कॉटन ग्रीनचं काळाचौकी, डॉकयार्ड रोडचं माझगाव, किंग्ज सर्कलचं तीर्थंकर पार्श्वनाथ, आणि चर्नी रोडचं गिरगाव. शेवटचं नाव पुन्हा वाचा. गुरं चरण्यावरून पडलेलं असो की चेंदणीवरून, 'चर्नी'त इंग्रज कुठून आला? पण 'रोड'च्या संगतीत राहिला की मराठी शब्दही साहेब ठरतो. निवेदनात व्युत्पत्ती लिहिणार असाल तर ती चार ओळींच्या वर जाऊ देऊ नका. अर्ज वाचणाऱ्याला शंका येता कामा नये.

९. शेवटची चाचणी: टॅक्सी

एवढं शिकलात की आता प्रत्यक्ष परीक्षा. परीक्षक काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेला आहे. त्याच्यासमोर 'छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस' म्हणा, तो आदराने मान हलवेल आणि विचारेल, "व्हीटी ना?" १९९६ मध्ये एकदा आणि २०१७ मध्ये पुन्हा बदललेलं नाव पाटीवर पोहोचलं, मीटरवर अजून पोहोचायचं आहे. त्याला हिंदमाता समजतं, कारण तिथे थिएटर होतं. मेट्रो म्हटलं की तो आधी सिनेमाकडे वळतो, भुयारी गाडी त्याला नंतर आठवते. ठाण्याला कॅडबरी जंक्शन समजतं. अंधेरीत चार बंगला आणि सात बंगला समजतात. एकूण अकरा झाले का, हे मोजायला मात्र त्याला थांबवू नका, वेटिंग लागतं. ही नावं कोणत्या समितीने ठेवली नाहीत. कंडक्टर ओरडला, लोक उतरले, पडली.

तेव्हा 'अपर वरळी'ला घर घेतलं असलंत तरी टॅक्सीत बसल्यावर तो शब्द काढू नका, गाडी वरळी सीफेसला जाईल आणि तुम्ही समुद्र बघत बसाल. 'ना. म. जोशी मार्ग'ही त्याला जड जातो. सरळ "डिलाईल रोड" म्हणा. पूल उतरल्यावर डाव्या हाताला की उजव्या, एवढंच तो विचारेल. फार गप्पिष्ट निघाला आणि हा डिलाईल कोण म्हणाला, तर "गव्हर्नर" म्हणा आणि सुट्टे काढून ठेवा.